टेलिफोनला कंठ देणारा एडिसन

अमेरिकेतील ओहायओ राज्यात मिलान नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ११ फेब्रुवारी १८४७ रोजी थॉमस आल्वा एडिसनचा जन्म झाला. शाळेत तो फार थोडे दिवस गेला. गुरुजींना तो मंद वाटे. म्हणून आईनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षापासून तो आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. त्याच सुमारास त्याला कमी ऐकू येऊ लागले.

१८६२ साली एका स्टेशनमास्तरांच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून ओढून वाचविले. या उपकाराची फेड म्हणून त्यांनी त्याला तारायंत्राची विद्या शिकविली. जवळच्या यंत्राची टकटक त्याला ऐकू येई. भोवतालचा गलबला मात्र त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नसे. त्यामुळे त्याचे चित्त कामात एकाग्र होई.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने आपल्या टेलिफोनचे एकस्व मिळविले. त्याच वर्षी एडिसनने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा थाटली. बेलच्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजानेच वीज उत्पन्न व्हावी लागे. ती इतकी क्षीण असे, की ओरडून बोलले तरी लांबच्या तारेवर शब्द विरून जात. ही उणीव दूर करण्याचे काम वेस्टर्न युनियन या तार कंपनीने एडिसनकडे सोपविले. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नाही, त्याने इतरांना स्पष्ट ऐकवायचे! पण एडिसन डगमगला नाही. आपल्याला जे ऐकू येईल ते कोणालाही ऐकू येईल, असे त्याने मानले.

शेतात दारे धरणारा शेतकरी पाण्याला बळ देत नाही. पाणी पाटातून आपल्या जोराने येते. तो केवळ त्याची वाट उघडतो वा अडवितो. एडिसननेही तेच केले. वीज त्याने विद्युत्घटातून घेतली आणि तिचा प्रवाह कमीअधिक करण्याचे काम तेवढे आवाजावर सोपविले. त्यासाठी त्याने नाना पदार्थ तपासून पाहिले. अखेर रॉकेलच्या दिव्यांची काजळी त्याच्या उपयोगी पडली. तिची बटणाएवढी वडी त्याने एका पातळ पडद्यामागे बसविली. आवाजाने पडदा कंप पावे व वडीवरील दाब बदले. दाब वाढला, की वीज सुलभतेने वाहे. तो घटला, की ती अडखळे. १८७७ साली त्याने या रचनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या शहरांमधील तारेवर तिची यशस्वी कसोटी झाली.

त्याच काळात एमिल बर्लिनर व डेव्हिड ह्यूज हेही याच वाटेने जात होते. एकस्वाचा वाद दीर्घकाळ न्यायालयात चालला. अखेर १८९२ साली एडिसनला एकस्व मिळाले.

फोनोग्राफ व विजेचा दिवा यांमुळे त्याची कीर्ती जगभर पसरली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याचे निधन झाले. कोळशाचा मायक्रोफोन मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे टेलिफोनमध्ये नांदला.

आजच्या मोबाइलमध्ये कोळशाची ती वडी नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या भागात मावेल असा मायक्रोफोन तेथे असतो. तोंड दूर असले, की त्याच्यापर्यंत येणारा आवाज दुबळा होतो आणि भोवतालचा गोंगाट त्यात मिसळतो. घटातील थोडी वीज देऊन त्या मायक्रोफोनलाही बळ पुरवावे लागते. आवाजाने फक्त आज्ञा करावी आणि श्रम विजेने करावेत, ही युक्ती अजूनही उपयोगी पडते. ज्याला स्वतःला कमी ऐकू येत होते, त्याने ती जगाला दाखवून दिली.