विष्णुपंत दामले व प्रभातची वास्तू

आषाढीची वारी निघाली म्हणजे आमच्या दौंड तालुक्यातील यवत व वरवंड ह्या गावी तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम पडतो. आमच्या शाळेतील कितीतरी विद्यार्थ्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून तो सोहळा पाहिला असेल. ज्या इंद्रायणीच्या डोहात तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या असे परंपरा सांगते, ती इंद्रायणी तुळापुरास भीमेस मिळते. आणि तीच भीमा पुढे शिरूर तालुक्याच्या कडेने वाहत वाहत दौंड शहराच्या काठी येते. शिरूरची घोडनदीही अखेर तिलाच मिळते. म्हणजे तुकोबांच्या इंद्रायणीचे पाणी आपणा सर्वांच्या दाराशी येऊन पोहोचलेले आहे.

परंतु डोळे मिटून तुकोबांचे स्मरण केले असता आपल्यापुढे जी मूर्ती उभी राहते, ती कोठून आली ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांत ती मूर्ती १९३६ साली पुण्यात तयार झालेल्या ‘संत तुकाराम’ ह्या बोलपटातून आली. तो बोलपट ज्या दोघा मित्रांनी दिग्दर्शित केला, त्यांतील एकाचे चरित्र, आणि ज्या वास्तूत तो घडला त्या वास्तूची पुढे झालेली स्थित्यंतरे, वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हे गृहस्थ म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक विष्णुपंत गोविंद दामले.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील पेण येथे झाला. त्यांची ओढ चित्रकलेकडे व यंत्रांकडे होती. त्या काळी कोल्हापुरात आनंदराव व बाबुराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगविण्याच्या कामी विख्यात होते. अरण्य, राजवाडा, नगरमार्ग असे देखावे कापडावर इतक्या कौशल्याने उतरविले जात की प्रेक्षक थक्क होत. विष्णुपंत ह्या गुरुगृही दाखल झाले आणि रंग कालविण्यापासून सर्व कामे करीत करीत शिकले. पदवी नाही, प्रशस्तिपत्र नाही. हात आणि डोळे हीच त्यांची पाठ्यपुस्तके.

दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रकट झाला, तेव्हा पेंटर बंधूंसही चलच्चित्रांचे वेड लागले. मात्र कॅमेरा विलायतेहून आणावा तर त्याची किंमत भारी. पुढे १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. तरीही बाबुरावांनी धीर सोडला नाही. त्यांनी व विष्णुपंतांनी परदेशी यंत्राच्या रचनेचा अभ्यास करून, एकेक भाग घडवून, जोडून, बिघडला की पुन्हा घडवून, आपला स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. फिल्मची पट्टी प्रत्येक क्षणी ठरावीक अंतर पुढे सरकली पाहिजे, क्षणभर निश्चल थांबली पाहिजे आणि तेवढ्याच क्षणी प्रकाशाचे दार उघडले पाहिजे. ह्यात केसभर चूक झाली तर पडद्यावरील माणूस थरथरू लागतो. एवढे सूक्ष्म काम कोल्हापुरातील एका कारखान्यात देशी हातांनी साधले. त्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आणला.

ह्याच कंपनीत विष्णुपंतांस जन्माचा सोबती लाभला. कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांस सर्व लोक साहेबमामा म्हणत, हे कसलेले चित्रकार व कलादिग्दर्शक होते. एक कोकणातील ब्राह्मण, दुसरा कोल्हापूरकडील मुसलमान. परंतु कामात दोघांचे मन असे एक झाले की पुढे लोक दामले-फत्तेलाल हे जणू एकच नाव असल्याप्रमाणे उच्चारू लागले. १९२८ साली दोघांनी मिळून कर्णाच्या कथेवरील मूकपट दिग्दर्शित केला आणि स्वतंत्रपणे काही करण्याचा आत्मविश्वास त्यांस आला.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. भागीदार पाच: विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल पुरविणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी. तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह झाले. भागीदार स्वतःच कारागीर असल्यामुळे, मालक कोठे संपतो आणि नोकर कोठे सुरू होतो हे परक्यास कळणे कठीण जाई.

लवकरच मूकपटांचे युग सरले व बोलपट आले. प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत व हिंदीतही काढला. कंपनीत ध्वनिलेखनाचा भार विष्णुपंतांनी उचलला. आज ध्वनी मागाहून दुरुस्त करता येतो. त्या काळी तसे नव्हते. नट कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गात असे, वादक चौकटीबाहेर लपून साथ करीत, आणि तेवढ्यात कोठे कावळा ओरडला की सारा प्रसंग पुन्हा घ्यावा लागे. अशा वेळी कानात तेल घालून बसणारा, न चिडणारा माणूस हवा असतो. विष्णुपंत तसे होते.

१९३३ साली कंपनीने आपला संसार पुण्यास हलविला. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर, आज ज्यास आपण लॉ कॉलेज रस्ता म्हणतो त्या भागात, भव्य चित्रमंदिर उभे राहिले. चित्रीकरणाची दालने, रसायनशाळा, सुतारकाम, रंगकाम, वेशभूषा, संकलन असे सर्व विभाग एकाच आवारात होते. पुण्याच्या प्रभात रस्त्यास त्याचेच नाव मिळाले आहे. ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा शांतारामांच्या कृतींनी त्या वास्तूची कीर्ती देशभर नेली.

‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईस झळकला. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचे, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे ह्यांचे. विष्णुपंत पागनीस ह्यांनी तुकोबा साकार केले आणि गौरी नामक अभिनेत्रीने आवलीस असे रूप दिले की प्रेक्षकांस ती आपल्याच गावची, पोटच्या पोरांसाठी कळवळणारी बाई वाटली. त्यात चमत्कार होते, तरी चूल विझलेले घर, सावकाराची भीती, उपाशी मूल हेही होते. म्हणूनच खेड्यातला माणूस बैलगाडी जुंपून तो पाहावयास आला. मुंबईत एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे ह्याच जोडीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ केला. त्यातील चालणारी भिंत पाहून त्या काळची मुले अवाक् झाली.

परंतु ज्या एकोप्यावर प्रभात उभी होती, तो हळूहळू ढासळू लागला होता. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ साली शांतारामही गेले आणि मुंबईस परळ येथे वाडिया मूव्हीटोनच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर स्थापिले. म्हणजे पुण्यातील एक चित्रमंदिर दुबळे होत असता मुंबईतील एक जुने चित्रमंदिर नव्या मालकाच्या हाती नव्याने उजळले. विष्णुपंत व साहेबमामा मागे राहिले. त्यांनी नव्या दिग्दर्शकांस पुढे केले. १९४४ साली आलेला ‘रामशास्त्री’ हा त्याच काळातला. गुरुदत्त नावाचा तरुण ह्याच सुमारास प्रभातमध्ये उमेदवारी करू लागला. ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंतांनी देह ठेविला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

येथे चरित्र संपावे, परंतु आमच्या मते ते येथे संपत नाही. ज्या माणसाने आपले सर्वस्व एका वास्तूत ओतले, त्याच्या मागे त्या वास्तूचे काय झाले हाही त्याच्या आयुष्याचाच एक अध्याय होय.

विष्णुपंतांच्या पश्चात कंपनीने उभारी धरण्याचे यत्न केले. १९४६ सालच्या ‘हम एक हैं’ ह्या हिंदी चित्रपटातून देव आनंद प्रथम पडद्यावर आले. पण युद्धानंतर धंद्याची रीत पालटली होती. पूर्वी नट मासिक वेतनावर कंपनीत राहत. आता नामांकित नट एकेका चित्रपटासाठी मोठी रक्कम मागू लागले आणि नवे भांडवलदार ती देऊ लागले. शेकडो माणसांचे पगार दरमहा भरणारी जुनी चित्रमंदिरे ह्या चढाओढीत टिकेनात. १९५३ पर्यंत प्रभातचे काम थांबले. जमीन, इमारती, यंत्रे व चित्रपट ह्यांच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. वास्तू एका उद्योजकाच्या हाती गेली. जेथे रात्रंदिवस हातोड्यांचा व पेट्यांचा नाद घुमे, तेथे शांतता पसरली.

पुढे दोन दिशांनी पुनरुज्जीवन झाले. एक घरातून झाले. विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव ह्यांनी विखुरलेल्या चित्रपटांचे हक्क व प्रती परत मिळविण्याचा ध्यास घेतला आणि प्रभातचे चित्रपट पुन्हा चित्रगृहांतून दाखविण्यास आरंभ केला. दुसरे सरकारकडून झाले. १९६० साली केंद्र सरकारने ह्याच आवारात चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापिली. पुढे दूरचित्रवाणीचे शिक्षणही तेथे येऊन तीस आजचे नाव मिळाले. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचीही स्थापना पुण्यातच झाली. अशा रीतीने कारखान्याची शाळा झाली. अडूर गोपालकृष्णन, मणी कौल, जया भादुरी, नसीरुद्दीन शाह अशी मंडळी तेथे शिकली. तेथेच ध्वनिलेखन शिकलेले रसूल पुकुट्टी ह्यांस २००९ साली त्याच कलेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. ज्या आवारात विष्णुपंत कान देऊन बसत, तेथूनच हा विद्यार्थी निघाला, हे ऐकून त्यांस किती धन्यता वाटली असती!

तथापि पुनरुज्जीवन एकदाच होऊन पुरत नाही. त्यास नित्य राखण लागते. जुनी फिल्म नायट्रेट नामक ज्वालाग्राही द्रव्याची असे. ती पेटली तर ज्वलनास लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो, त्यामुळे पाण्याखालीही ती जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये ह्याच आवारातील कोठारास आग लागून अशा जुन्या फिल्मची हजारो रिळे नष्ट झाली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरविल्या होत्या ते वाचले. ‘संत तुकाराम’ त्यांपैकी एक. प्रती करून ठेवणाऱ्या त्या शांत, अनाम कर्मचाऱ्यांचे उपकार आपण विसरू नयेत.

आज तुम्ही दौंडहून वा शिरूरहून पुण्यास गेलात तर त्या संस्थेच्या आवारात प्रभातचे जुने दालन उभे असल्याचे तुम्हांस सांगतील, आणि प्रभातच्या आठवणी जतन करणारे लहानसे संग्रहालयही तेथे आहे. मालक बदलले, पाट्या बदलल्या, भागीदारांची भांडणे इतिहासजमा झाली. परंतु रंग कालविणे, यंत्र जोडणे, आवाज टिपणे ही विष्णुपंतांची कामे तेथे आजही शिकविली जातात. त्यांनी कोल्हापुरात जे गुरुगृही मिळविले, ते आज परप्रांतीची व परदेशीची मुले त्यांच्याच अंगणात मिळवीत आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी रेल्वेच्या कारखान्यात जाईल, कोणी शेतीत राहील, कोणी शिक्षक होईल. आपण उभारलेले घर, दुकान वा यंत्र आपल्याच घराण्याकडे राहील अशी हमी कोणासच नाही. प्रभातच्या पाच कर्तबगार पुरुषांनाही ती मिळाली नाही. परंतु काम प्रामाणिकपणे शिकावे, शिकलेले दुसऱ्यास द्यावे आणि सोबत्याचा धर्म वा जात न पाहता त्याचा हात धरावा, एवढे तरी आपल्या हाती आहे. पुढच्या आषाढात यवतेस वा वरवंडास पालखी आली म्हणजे, तुकोबांस नमस्कार करून झाल्यावर, पेणच्या ह्या कारागिराची व त्याच्या कागलच्या मित्राचीही क्षणभर आठवण करा, एवढीच आमची विनंती.