कॅमेऱ्यापासून दूर : मधुबालाची शेवटची नऊ वर्षं

मधुबालाचं नाव निघालं की आपल्या घरांत दोनच विषय रंगतात. एक तिचं हसू, दुसरा दिलीप कुमार. आजी-नानींच्या पिढीने तिला थिएटरात पाहिलं, आईच्या पिढीने दूरदर्शनवर, आणि आजची पोरं तिला मोबाइलवर बघतात. सगळ्यांना तिच्या प्रेमाची गोष्ट ठाऊक असते. तिच्या कामाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. आम्हाला वाटतं, तिच्या आयुष्यातलं खरं मोठं दुःख तिथेच होतं. वयाच्या नवव्या वर्षी धरलेलं आणि जिवापाड आवडणारं काम तिला ऐन भरात सोडावं लागलं, कारण शरीर साथ देईना.

तिचं खरं नाव मुमताज जहाँ बेगम देहलवी. जन्म १४ फेब्रुवारी १९३३, दिल्ली. वडील अताउल्ला खान हे युसूफझाई पठाण, आई आयेशा बेगम. अकरा अपत्यांमधली मुमताज पाचवी. त्यांतली काही लहानपणीच गेली. अताउल्ला खान इंपिरियल टोबॅको कंपनीत कामाला होते. ती नोकरी सुटली, घरात खाणारी तोंडं बरीच, म्हणून त्यांनी मुंबईचा रस्ता धरला. मालाडला तेव्हा बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ होता. तिथे चुणचुणीत मुमताजला 'बसंत'मध्ये छोटी भूमिका मिळाली. सिनेमा १९४२ साली आला आणि पडद्यावर नाव आलं बेबी मुमताज.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. त्यात या कुटुंबाचं राहतं घरही गेलं. माणसं वाचली ती सगळी सिनेमा बघायला बाहेर गेली होती म्हणून, असं सांगतात. सिनेमाने या घराला असं दोनदा तारलं, एकदा जीव वाचवून आणि नंतर चूल पेटती ठेवून.

नायिका म्हणून तिला पहिली संधी दिली केदार शर्मांनी, 'नील कमल'मध्ये. साल १९४७, वय १४, समोर राज कपूर. शर्मांच्या आठवणींत ही मुलगी कशी दिसते ते वाचण्यासारखं आहे. रूपाचं कौतुक तर सगळेच करतात. त्यांना आठवायचं ते वेगळंच. ती मालाडहून दादरला लोकलच्या तिसऱ्या वर्गाच्या गर्दीतून यायची, जेवण चुकलं तरी तक्रार नसायची, उशीर नाही, खाडा नाही. मुंबईत ज्यांनी लोकलचे धक्के खाऊन नोकरी केली आहे, त्यांना यातलं सगळं कळेल. आणि हे सगळं करणाऱ्या त्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं.

१९४९ साली कमाल अमरोहींचा 'महल' आला. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, लताबाईंचा आवाज, आणि झोपाळ्यावरची सोळा वर्षांची मधुबाला. त्यानंतर सिनेमांची रांगच लागली. शाळा झालीच नव्हती, पण शिकायची हौस दांडगी. 'फिल्म इंडिया'वाले बाबूराव पटेल यांच्या पत्नी सुशीलाराणी यांच्याकडे ती इंग्रजी शिकली आणि थोड्याच महिन्यांत बोलायलाही लागली. मोटार चालवायला तर त्याच्याही आधी शिकली होती.

आता त्या दुखण्याविषयी. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक भिंत असते. तिच्यात छिद्र राहिलं तर डाव्या बाजूचं शुद्ध रक्त उजवीकडे शिरतं आणि तिथून पुन्हा फुप्फुसात जातं. म्हणजे फुप्फुसांवर कायमचा जादा भार. छिद्र लहान असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर वर्षानुवर्षं फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होत जातात. मग एक वेळ अशी येते की प्रवाहच उलटा फिरतो. अशुद्ध रक्त शरीरभर जायला लागतं, ओठ-नखं निळसर पडतात, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. त्या टप्प्यावर छिद्र बुजवणंच जिवावर बेतू शकतं. म्हणून सगळा खेळ वेळेचा असतो.

(आज ही वेळ गाठता येते. दूध पिताना बाळाला घाम येतो, धाप लागते, वजन वाढत नाही, अशी लक्षणं असतील तर नजर लागली म्हणून बसून राहू नये, डॉक्टरांना दाखवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि असं काही सापडलं तर शस्त्रक्रियेचीही सोय होते.)

मधुबालाला ही वेळ गाठता आली नाही. १९५४ च्या सुरुवातीला ती मद्रासला 'बहुत दिन हुए'च्या शूटिंगला गेली होती. तिथे तिला रक्ताची उलटी झाली. निर्माते एस. एस. वासन आणि त्यांच्या पत्नीने तिची काळजी घेतली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. योगायोग बघा, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी अशाच छिद्रावर पहिल्यांदा उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया केली. रुग्ण एक वर्षाचं बाळ. त्याचा रक्तप्रवाह बापाच्या रक्तप्रवाहाला जोडून, बापाचं हृदय दोघांसाठी वापरून ते ऑपरेशन झालं. ते बाळ पुढे न्यूमोनियाने गेलं, पण त्याच्या मागून आलेली अनेक वाचली. म्हणजे मधुबालाच्या आजारावर इलाज जगात नुकता कुठे जन्माला येत होता, आणि ती होती २१ वर्षांची, मद्रासच्या सेटवर.

ती कामावर परतली. का परतली, याचं उत्तर अर्धं घरात आहे आणि अर्धं तिच्या स्वभावात. अख्खं घर तिच्या कमाईवर चालत होतं. सिनेमाच्या धंद्यात नायिकेला हृदयरोग आहे ही बातमी पसरली तर कोण तिच्यावर पैसा लावणार? म्हणून आजार शक्यतो झाकून ठेवला गेला. अताउल्ला खान यांचे नियम कडक होते. रात्रीचं शूटिंग नाही, सेटवर पाहुणे नकोत, जेवण घरचं. या नियमांपायी त्यांना जल्लाद बाप ठरवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'नया दौर'च्या शूटिंगसाठी मुलीला भोपाळकडे पाठवायला त्यांनी नकार दिला, बी. आर. चोप्रा कोर्टात गेले, दिलीप कुमारने चोप्रांच्या बाजूने साक्ष दिली, आणि भूमिका वैजयंतीमालाकडे गेली. बाप हट्टी होता, मुलीच्या पैशांवर आणि आयुष्यावर त्याचा ताबा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या बापाला मुलीच्या रक्ताच्या उलट्या ठाऊक होत्या, त्याने तिला लांबच्या शूटिंगला न पाठवण्यात नुसता हट्टच होता, असंही आम्हाला वाटत नाही.

आणि याच सुमारास तिचं सगळ्यात चांगलं काम आलं, हे विशेष. १९५८ या एका वर्षात 'हावडा ब्रिज', 'काला पानी', 'फागुन' आणि 'चलती का नाम गाडी'. मध्यरात्री भिजून गॅरेजात गाडी घेऊन आलेली ती मुलगी बघताना कुणाला शंकाही येत नाही की हिला दम लागतो. दुसरीकडे के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' वर्षानुवर्षं चालूच होता. अनारकलीच्या अंगावर लोखंडी साखळदंड होते आणि ते खरे होते. शीशमहलातल्या नाचातल्या काही गिरक्या तिच्या चेहऱ्याचा मुखवटा लावलेल्या पुरुष नर्तकाने घेतल्या, असं सांगतात. पण कैदखान्यातला तो थकलेला, उतरलेला चेहरा तिचाच होता. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरात सिनेमा लागला आणि तिकिटांसाठी रांगा लागल्या. त्या वर्षीचं फिल्मफेअर मात्र 'घूँघट'साठी बीना रायला मिळालं. मधुबाला नामांकनावरच राहिली.

त्याच १९६० साली तिचं किशोर कुमारशी लग्न झालं. उपचारांसाठी ती लंडनला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशन करायला नकार दिला. दोन वर्षं, फार तर. नवी धावपळ नको, ताण नको, मूल नको. वय होतं २७-२८.

इथून पुढे तिचं काम सुटत गेलं. एका दिवसात सुटलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. आधी घेतलेले सिनेमे जमेल तसे पुरे झाले. 'झुमरू', 'पासपोर्ट', 'हाफ टिकट' आले. देव आनंदबरोबरचा 'शराबी' रखडत रखडत १९६४ ला आला, आणि तिच्या हयातीत पडद्यावर आलेला तो शेवटचा. नवं काही हाती घेता येईना. दीर्घ आजारामुळे आवडती नोकरी सोडावी लागलेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. शिक्षिका आहेत, नर्स आहेत, एसटीचे वाहक आहेत. पगार थांबतो ते दुःख मोठंच. पण सकाळी उठून जायला ठिकाण उरत नाही, हे दुःख त्यांना बोलूनही दाखवता येत नाही. घरचे म्हणतात, आता आराम कर. आराम हाच तर त्रास असतो.

ती वांद्र्याला पाली हिलवर माहेरच्या घरी, अरेबियन व्हिलात राहायला आली. किशोर कुमार औषधपाण्याचा खर्च करायचा, पण भेटायला अधूनमधूनच यायचा, असं तिच्या धाकट्या बहिणीने पुढे सांगितलं. त्याचे दौरे, रेकॉर्डिंग, शूटिंग चालू होतं आणि तिच्याभोवती औषधं होती. शरीर ऑक्सिजनची कमतरता भरून काढायला जास्तीचं रक्त बनवायचं, मग ते काढावं लागायचं. नाका-तोंडातून रक्त येई, प्राणवायूची नळी लागे. मेकअपशिवाय, नाइट ड्रेसमध्ये, रोडावलेली ती फारशी कुणाला भेटत नसे. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती, तिने नऊ काढली. लोक याला चिवटपणा म्हणतात आणि ते खरंच आहे. पण ती नऊ वर्षं तिने कशी मोजली असतील, याचा विचार फार कमी लोक करतात.

१९६६ मध्ये थोडी उभारी वाटली. राज कपूरबरोबरचा 'चालाक' अर्धवट होता, तो पुरा करायचं ठरलं. ती सेटवर गेली. 'नील कमल'चा तोच नायक, १९ वर्षांनंतर. शरीराने थोडकाही ताण सोसला नाही. शूटिंग थांबलं आणि 'चालाक' कायमचा राहिला.

तरी काम तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहता येत नाही ना, मग कॅमेऱ्यामागे बसू, असा विचार तिने केला. 'फर्ज और इश्क' नावाचा सिनेमा ती दिग्दर्शित करणार होती. त्या काळात हिंदी सिनेमात दिग्दर्शक बाई शोधूनही सापडायची नाही, आणि ही बाई पलंगावरून उठताना धापा टाकत होती. १९६९ साल उजाडलं तेव्हा तयारी चालू होती.

२३ फेब्रुवारी १९६९ ला तिचा इंतकाल झाला. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊच दिवस झाले होते. तिला जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात दफन केलं गेलं. कबरीवर संगमरवर होता, पण मुंबईच्या कब्रस्तानांत जागेची अडचण किती आहे ते आपण जाणतोच. नव्या मय्यतींना जागा करायला २०१० मध्ये जुन्या कबरी काढल्या गेल्या, त्यात मोहम्मद रफींची होती आणि तिचीही.

मधल्या काळात, १९७१ मध्ये, तिचा आणखी एक सिनेमा थिएटरात लागला. सुनील दत्तबरोबरचा 'ज्वाला', बरीच वर्षं डब्यात पडून राहिलेला. रंगीत होता. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.