विश्लेषण : ई-बाइकच्या बॅटरीचे जनक गॅस्टन प्लांटे कोण? १८५९ चा शोध आजही का टिकून आहे?

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या कामगारासाठी कमी वेगाची ई-बाइक सोयीची ठरते. ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादा आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असलेल्या गाडीला नोंदणी वा वाहन परवाना लागत नाही. यातल्या स्वस्त गाड्यांत लेड-ॲसिड, म्हणजे शिसे आणि आम्ल वापरणाऱ्या बॅटऱ्या असतात. पुढे कधीतरी हा संच बदलावा लागतो आणि पगारातला मोठा वाटा त्यात जातो. तो खर्च लवकर येणार की उशिरा, हे बरेचसे चार्जिंगच्या सवयीवर ठरते. त्यामागचे शास्त्र १६० हून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गॅस्टन प्लांटे यांनी उलगडले.

प्लांटे कोण होते?

प्लांटे यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील ऑर्थेझ येथे झाला. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नामांकित पियानोवादक झाला. गॅस्टन मात्र विज्ञानाकडे वळले. १८५४ मध्ये पॅरिसच्या कला व हस्तोद्योग संस्थेत ते पदार्थविज्ञानाचे सहायक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ म्यूदाँ येथे त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हटले जाते. १८६० मध्ये ते लोकशिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

शोध कसा लागला?

आम्लात धातूचे दोन पत्रे बुडवून त्यांतून वीज सोडली आणि मग थांबवली, तर थोडा वेळ उलट दिशेने प्रवाह वाहतो. हे आधीच माहीत होते. प्लांटे यांनी एकेक धातू घेऊन हा उलटा प्रवाह मोजला. शिशाचा प्रवाह सर्वांत जोरकस होता आणि सर्वांत जास्त वेळ टिकत होता. १८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन पत्रे मधे कापड घालून एकत्र गुंडाळले आणि पातळ सल्फ्युरिक आम्लात ठेवले. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली व्यवहार्य बॅटरी होती. १८६० मध्ये त्यांनी अशा नऊ घटांची बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली.

मग ती लगेच वापरात का आली नाही?

पहिली अडचण चार्जिंगची होती. तेव्हा व्यवहारात वापरता येईल असे जनित्र नव्हते. ही बॅटरी भरायला दुसरे रासायनिक घट लागत आणि त्यांतले जस्त झिजून जाई. दुसरी अडचण वेळेची. नव्या, गुळगुळीत पत्र्यात फारच थोडी वीज साठे. प्लांटे तो पत्रा चार्ज करत, रिकामा करत, प्रवाहाची दिशा उलटवत. प्रत्येक फेरीत शिशाचा पृष्ठभाग अधिक सच्छिद्र होई आणि क्षमता वाढे. असा पत्रा तयार व्हायला महिने लागत.

१८७० च्या दशकात ग्राम यांचे जनित्र आले आणि पहिली अडचण सुटली. १८८१ च्या सुमारास कामिल फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लेप पत्र्यावर चढवून दुसरीही सोडवली. त्याच १८८१ मध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर प्लांटे पद्धतीच्या बॅटरीवर तीनचाकी सायकल चालवून दाखवली. आजच्या ई-बाइकची ती पूर्वज.

प्लांटे यांनी पुढे काय केले?

त्यांचे लक्ष बाजारापेक्षा प्रयोगांतच राहिले. शेकडो घट जोडून त्यांनी मोठा विद्युतदाब निर्माण केला. आकाशातील वीज आणि तिचे गोळे कसे बनत असावेत, याचा अभ्यास केला. १८७९ मध्ये त्यांचे विजेवरील संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मोटारगाड्यांत बॅटरीचे युग आले ते त्यानंतर.

ई-बाइकधारकाने यातून काय घ्यावे?

प्लांटे यांना दिसले ते असे, की चार्जिंगमध्ये वीज नुसती भरली जात नाही, पत्राच बदलतो. बॅटरी वापरताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट जमते, चार्ज करताना ते विरघळते. गाडी रिकाम्या बॅटरीने पडून राहिली, तर सल्फेटचे खडे कडक होतात आणि मग सहज निघत नाहीत. म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी चार्ज करावे. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर ती पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी.

४८ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे सुमारे दोन व्होल्टचे २४ घट एकामागोमाग जोडलेले असतात. एक घट कमजोर झाला की तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्यातून उलटा प्रवाह ढकलतात. प्लांटे यांनी जे जाणूनबुजून, जपून केले, ते इथे नकळत घडते आणि घट मरतो. गाडीवर भार असताना प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. इतर तीन १२ च्या आसपास असताना एखादी १०.५ च्या खाली घसरली, तर दोष तिच्यात. संच जुना असेल तर चारही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या बसवाव्यात. चार्जर फक्त एकूण व्होल्टेज पाहतो. त्यामुळे जुन्या-नव्याची जोडी दोघींचेही आयुष्य घटवते. लिथियम बॅटरीचा चार्जर लावू नये. जास्त चार्ज झाल्यास हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर करावे.

जुन्या बॅटरीचे काय?

शिसे पुन्हा वितळवून वापरता येते. स्वस्ताईमुळे आणि या गुणामुळेच प्लांटे यांचा शोध टिकला. पण शिसे विषारी आहे. उघड्यावर भट्टी लावून ते वितळवले, तर त्याची धूळ लहान मुलांच्या रक्तात पोहोचते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा संच घेताना जुना दुकानातच द्यावा, त्याचे पैसे वजा होतात. चार पैसे जास्त मिळतात म्हणून तो गल्लीतल्या भट्टीवाल्याला देऊ नये.