युद्धातले म्हातारे घोडे

१९१८ साली पहिले महायुद्ध संपले. सैनिक आपापल्या घरी परतू लागले. पण त्यांच्या घोड्यांचे काय? इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या वाळवंटात हजारो घोडे या युद्धात राबले होते. कोणी इंग्लंडहून आलेले, कोणी ऑस्ट्रेलियाहून. भारतीय घोडदळही याच आघाडीवर होते. सप्टेंबर १९१८ मध्ये हैफा शहर आपल्याच घोडेस्वारांनी जिंकले. आता या घोड्यांना जहाजातून मायदेशी न्यायचे, तर खर्च फार. शिवाय परमुलखातील रोग त्यांच्याबरोबर येतील, अशी भीती. म्हणून पुष्कळसे घोडे इजिप्तमध्येच विकून टाकण्यात आले. पुढे त्यांची कोणी चौकशी केली नाही.

बारा वर्षे गेली. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाच्या एक इंग्रज बाई कैरो शहरात राहायला आल्या. त्यांचा जन्म १८८३ चा. त्यांचे पती जेफ्री ब्रुक हे घोडदळातील मोठे अधिकारी होते. घोडेस्वारीवर त्यांनी पुस्तकेही लिहिली होती. नोकरीच्या निमित्ताने त्यांची नेमणूक कैरोला झाली होती. युद्धातले काही घोडे अजून या शहरात जिवंत आहेत, असे डोरोथीबाईंच्या कानी आले आणि त्या घोड्यांचा शोध घेऊ लागल्या.

घोडे ओळखणे कठीण नव्हते. लष्कराच्या घोड्याच्या अंगावर बाणाच्या टोकासारखी खूण डागलेली असे. हे घोडे आता गाड्या ओढत होते, दगडांची ओझी वाहत होते. कोणी लंगडत होता, कोणाला दिसत नव्हते. जीन घासून पाठीला जखमा झाल्या होत्या. (जीन, लगाम, रिकीब, नाल हे मराठीतले शब्द तुम्हांला ओळखीचेच वाटतील.)

घोडा साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे जगतो. हे घोडे विशी ओलांडलेले होते. घोडा म्हातारा झाला, की त्याच्या डोळ्यांवर खळगे पडतात, पाठ खचते, गुडघे ताठरतात. पण खरी अडचण दातांची. दाढा झिजतात, त्यांना धारदार कडा येतात आणि त्या गालाला व जिभेला टोचतात. मग वाळलेली वैरण चावता येत नाही. पुढे दाणा ठेवला, तरी तो तसाच शेणातून बाहेर पडतो. अशा घोड्याचे दात कानशीने घासावे लागतात. त्याला भिजवलेला कोंडा द्यावा लागतो आणि कामही हलकेच द्यावे लागते. म्हणजे काम कमी आणि खर्च जास्त. श्रीमंताच्या पागेत हे जमते. रोजच्या भाड्यावर घर चालवणारा गाडीवान हे कोठून करणार? घोडा उभा राहिला, तर त्याची मुलेही उपाशी राहत.

डोरोथीबाईंनी पहिला घोडा पाहिला, तेव्हा तो हाडांचा सापळाच झाला होता. त्याला त्यांनी 'ओल्ड बिल', म्हणजे 'म्हातारा बिल', असे नाव दिले. मालकाला पैसे देऊन त्यांनी त्याला सोडवले. पण एका बिलला सोडवून काय होणार? शहरात असे कित्येक घोडे होते.

एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्राला पत्र लिहिले. आपल्यासाठी लढलेल्या घोड्यांची दशा त्यांनी त्यात सांगितली आणि मदत मागितली. पत्र छापून आले आणि लोकांनी पैसे पाठवण्यास सुरुवात केली.

मग खरेदी सुरू झाली. तीन-चार वर्षांत जवळजवळ पाच हजार घोडे विकत घेतले गेले. तबेल्यात त्यांच्यासाठी जाड भुसा पसरलेला असे. पुढ्यात पाणी आणि मऊ खाणे असे. आजवर दगडी जमिनीवर उभ्याने रात्र काढणारे घोडे त्या भुशावर आडवे होत. काही दिवस त्यांना अशी विश्रांती मिळे आणि त्यानंतर बहुतेकांना वेदना न देता मृत्यू दिला जाई.

तुम्हांला हे वाचून धक्का बसेल. मारायचाच होता, तर घोडा विकत कशाला घेतला? पण ते घोडे बरे होण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांना तसेच सोडले असते, तर पुन्हा गाडीला जुंपले गेले असते आणि एक दिवस रस्त्यातच कोसळले असते. डोरोथीबाईंना घोड्यांचा फार लळा होता. एखाद्याची मान थोपटायची आणि दोन दिवसांनी त्याला निरोप द्यायचा, हे आठवड्यामागून आठवडे करणे सोपे नव्हते. तरी त्या मागे हटल्या नाहीत.

घोड्यांच्या मालकांना मात्र त्यांनी दुष्ट ठरवले नाही. ती माणसे घोड्याइतकीच दमलेली होती, हे त्यांनी रोज पाहिले होते. म्हणून, लष्कराचे म्हातारे घोडे संपत आले तरी काम थांबले नाही. १९३४ साली त्यांनी कैरोच्या सय्यिदा झैनब भागात जनावरांचे रुग्णालय उघडले. युद्धातल्या घोड्यांच्या स्मरणार्थ त्याला नाव दिले. गरिबांची घोडे, गाढवे, खेचरे तेथे फुकट तपासली जात. जखम लहान असतानाच गाडीवान तेथे येऊ लागला, तर त्याचा घोडा वाचे आणि त्याची कमाईही. जनावर म्हातारे होण्याआधीच त्याची काळजी सुरू व्हावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

त्यांच्या नावाची संस्था पुढे इतर देशांतही काम करू लागली. १९९० नंतर ती भारतात आणि पाकिस्तानातही आली. डोरोथीबाईंचे १९५५ साली कैरो येथे निधन झाले. त्याच शहरात त्यांना दफन करण्यात आले. सय्यिदा झैनबच्या रुग्णालयाचे दार मात्र गाडीवानांसाठी उघडेच राहिले.