शवपेट्या करणारे फादर : मोलोकाईचे संत डेमियन



दर रविवारी मिस्सामध्ये आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. सुरुवात मोठ्या आवाजात होते. मृतांच्या पुनरुत्थानाचे शब्द येईपर्यंत आवाज उतरलेला असतो, आणि ते शब्द आपण भराभर म्हणून टाकतो. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला, हे आपण मानतो. त्याच्याबरोबर आपले देहही उठतील, हेही मानतो. पण सोमवारी सकाळी कामाला जाताना, घरात आजारी माणसाचे अंथरूण बदलताना, त्या मानण्याने काय फरक पडतो? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकी विवेचनापेक्षा एका धर्मगुरूच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसले. त्यांचा सण १० मे रोजी, म्हणजे पास्खाकाळातच येतो. ते म्हणजे कुष्ठरोग्यांचे प्रेषित संत डेमियन.

बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. नाव योसेफ द व्हस्टर. वडील शेतकरी व धान्याचे व्यापारी. आठ मुलांपैकी योसेफ सातवा. हा मुलगा अंगापिंडाने दणकट होता, त्याने धंदा सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. पण मोठा भाऊ पाम्फिल येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात गेला होता, आणि त्याच्यामागोमाग १८५९ साली योसेफही लुव्हेनच्या मठात दाखल झाला. त्याने डेमियन हे नाव घेतले. शिक्षण बेताचे म्हणून त्याला प्रथम ब्रदर म्हणूनच घेतले होते. भावाकडून लॅटिन शिकून त्याने धर्मगुरुपदाची वाट मोकळी करून घेतली.

७ ऑक्टोबर १८६० रोजी पॅरिसमध्ये डेमियनने व्रते घेतली. त्या संघाची एक रीत होती. व्रत घेणारा वेदीपुढे जमिनीवर पालथा पडे आणि त्याच्यावर प्रेतावर घालतात ते काळे वस्त्र घातले जाई. जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मेला, आता जो उठेल तो ख्रिस्ताचा, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांचा एक तरुण त्या काळ्या कापडाखाली काही क्षण पडून राहिला. अशा विधी आपण खूप पाहतो आणि विसरतो. डेमियन विसरले नाहीत. पुढे आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय घेताना त्यांना हेच कापड आठवले, असे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे.

पाम्फिल यांची हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी निवड झाली होती. पण निघण्याच्या सुमारास रुग्णांची सेवा करताना त्यांनाच टायफसचा ताप आला. डेमियन यांनी मठातील वरिष्ठांना वगळून थेट पॅरिसच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि भावाची जागा मागितली. (हा उतावळेपणा त्यांच्यात शेवटपर्यंत राहिला.) १९ मार्च १८६४ रोजी, संत योसेफच्या सणादिवशी, ते होनोलुलूला उतरले. दोन महिन्यांनी, २१ मे रोजी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढची नऊ वर्षे ते हवाई या मोठ्या बेटावर पायी आणि घोड्यावरून गावे पालथी घालीत, स्वतःच्या हातांनी चॅपेल बांधीत राहिले. सुतारकाम त्यांना चांगले येई.

त्या काळात हवाईमध्ये कुष्ठरोग झपाट्याने पसरत होता. १८६५ साली राजाने कायदा केला आणि १८६६ च्या जानेवारीपासून रोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर नेऊन सोडण्यास सुरुवात झाली. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला सुमारे २००० फुटांचे उभे कडे. पळून जायला वाट नाही. पोलीस घरी येत आणि आईपासून मूल, बायकोपासून नवरा वेगळा करीत. काहींबरोबर त्यांचे आप्त सेवेसाठी स्वखुशीने जात, पण बहुतेकांना निरोप घ्यावा लागे तो कायमचा. कागदोपत्री ही माणसे जिवंत होती. घरच्यांच्या लेखी मात्र त्यांचे मर्तिक होऊन गेले होते. इथे कुठलाच कायदा नाही, असे तिथली माणसेच एकमेकांना सांगत. दारू, जुगार, दुबळ्यांची लुबाडणूक असे सारे तिथे चाले. ज्याला पुढे काहीच नाही, त्याला आज कसे वागावे हे कोण सांगणार?

४ मे १८७३ रोजी माऊई बेटावर एका नव्या चर्चचे उद्घाटन झाले. तेथे बिशप मेग्रे यांनी मोलोकाईचा विषय काढला. कोणाला जाण्याची आज्ञा द्यायला त्यांचे मन धजत नव्हते. चार तरुण धर्मगुरू आपणहून पुढे आले. पाळीपाळीने जावे असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे रोजी बिशपांनी स्वतः त्यांना नेऊन रोग्यांपुढे उभे केले. दुसऱ्याची पाळी कधी आलीच नाही, कारण डेमियन परतले नाहीत. आपल्या व्रतांच्या दिवशीच आपण एकदा प्रेतवस्त्राखालून उठलो आहोत, मग आता मरणाला भ्यायचे कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

राहायला घर नव्हते. चॅपेलशेजारी एक पँडानसचे झाड होते, आपल्या केवड्याच्या जातीचे. पहिल्या रात्री त्यांनी त्या झाडाखाली काढल्या. शेजारीच दफनभूमी होती.

त्या दफनभूमीपासूनच त्यांच्या कामाची खरी ओळख होते असे मला वाटते. तिथे आठवड्यातून कित्येक मरणे होत. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याला पेटी मिळत नसे. प्रेत घोंगडीत किंवा चटईत गुंडाळून उथळ खड्ड्यात टाकीत, आणि डुकरे, कुत्री ते उकरून काढीत. जिवंत रोगी हे रोज पाहत. आपलेही असेच होणार, हे त्यांना ठाऊक होते. माणसाच्या देहाची किंमत काय, याचा धडा त्यांना तिथे रोज मिळत होता.

डेमियन यांनी प्रथम दफनभूमीला कुंपण घातले. मग हातात करवत आणि रंधा घेऊन ते शवपेट्या करू लागले. अशा शेकडो पेट्या त्यांच्या हातून झाल्या. अनेकदा कबरही तेच खणीत. मग त्यांनी रोग्यांचीच एक अंत्यविधी मंडळी उभी केली. कोणीही मेला तरी त्याला पेटी मिळायची, खांदा द्यायला माणसे यायची, पुढे क्रूस, गाणी आणि वाजंत्री. ज्यांना घरच्यांनी जिवंतपणीच निरोप दिला होता, त्यांच्या मयताला आता सारी वस्ती चालू लागली. आपल्याकडे कोणी वारले की शेजारपाजारचे काम टाकून येतात, पेटीला हात लावतात, मूठभर माती घालतात. त्यात विशेष काय, असे आपल्याला वाटते. जिथे ते नव्हते तिथे विचारावे.

हे केवळ स्वच्छतेचे किंवा शिस्तीचे काम नव्हते. शेताचा मालक बी फेकून देत नाही, पेरतो. जो देह सडला, ज्याची बोटे झडली, तोच देह प्रभू उठवणार आहे, असे डेमियन यांनी शब्दशः धरले होते. म्हणून पेटी नीट हवी होती, कबर खोल हवी होती. संध्याकाळी ते त्या कबरींमधून जपमाळ म्हणत फिरत. भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या दफनभूमीविषयी लिहिले आहे, आणि त्यात उदासी फारशी नाही. आपली लेकरे झोपली आहेत आणि आपण त्यांच्याजवळ बसलो आहोत, असा सूर आहे.

आणि जो देह मेल्यावर इतका मोलाचा, तो जिवंतपणी टाकाऊ कसा असेल? हा पुढचा धागा मला महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला रोग्यांच्या झोपडीत कुमसार ऐकताना दुर्गंधीने त्यांचा जीव गुदमरे आणि मोकळ्या हवेसाठी बाहेर पळावे लागे. म्हणून ते पाइप ओढू लागले. पण त्यांनी रोग्यांना स्पर्श करण्याचे टाळले नाही. जखमा धुतल्या, बांधल्या, त्यांच्याबरोबर एका भांड्यातून जेवले. प्रवचनात ते रोग्यांना माझ्या बांधवांनो न म्हणता आम्ही कुष्ठरोगी असे म्हणत. अजून त्यांना रोग झालाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पाण्यासाठी पाइप घातले, वादळात पडलेल्या झोपड्यांच्या जागी लाकडी घरे उभी केली, अनाथ मुलामुलींसाठी आश्रय काढला, चर्च वाढवले. गायनमंडळही सुरू झाले. बोटे झडलेले दोन वादक शेजारी बसून दोघांच्या उरलेल्या बोटांनी एक ऑर्गन वाजवीत, असे सांगतात. ईस्टरच्या गाण्याला त्याहून योग्य साथ कोणती असेल!

डेमियन यांना सर्व काही सोपे गेले असे मात्र समजू नका. त्यांचा स्वभाव तापट आणि हट्टी होता. मदतीला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटले नाही, वरिष्ठांशी खटके उडाले. एकटेपणा फार होता. १८७३ सालीच त्यांचे प्रमुख जहाजाने आले, पण कप्तानाने कोणाला उतरू दिले नाही. डेमियन होडी वल्हवत जहाजाजवळ गेले, तर त्यांना वर चढू देईनात. तेव्हा होडीतच उभे राहून, वर डेकवरील प्रमुखांना ऐकू जाईल अशा मोठ्याने, फ्रेंच भाषेत त्यांनी आपले कुमसार केले. आपण कुमसाराच्या पेटीत कुजबुजतो तेही शेजारच्या रांगेला ऐकू जाईल का म्हणून जपतो.

१८८४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी थकलेले पाय गरम पाण्यात ठेवले. पाणी कढत होते, कातडीला फोड आले, पण त्यांना काहीच जाणवले नाही. इतकी वर्षे कुष्ठरोग्यांत राहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. पुढे डॉक्टरांनी तसेच निदान केले. ते थांबले नाहीत, उलट कामाची घाई वाढली. १८८६ साली जोसेफ डटन हा अमेरिकन गृहस्थ मदतीला आला, १८८८ मध्ये फादर कॉनरार्डी, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मदर मॅरियान कोप आपल्या सिस्टरांसह आल्या. त्याही आज संत आहेत. त्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार गर्जन तेल घेऊन आला. अंदमानात ते कुष्ठरोग्यांना लावून पाहिले होते. औषधाने रोग हटला नाही. क्लिफर्डने त्यांचे चित्र काढले. ते पाहून, आपला चेहरा एवढा विद्रूप झाला असेल असे वाटले नव्हते, असे डेमियन त्याला म्हणाले.

तो चेहरा घेऊनच ते वेदीपुढे उभे राहत होते. आपण स्वर्गाला पात्र आहोत की नाही, या शंकेने त्यांना मधूनमधून ग्रासले. संतांनाही अशी रात्र येते. १८८९ च्या मार्चअखेर त्यांनी अंथरूण धरले. त्यानंतर मात्र मन शांत झाले. प्रभू आपल्याला या वर्षीचा ईस्टर त्याच्याबरोबर साजरा करायला बोलावतो आहे, असे ते जवळच्यांना सांगू लागले. १४ एप्रिलला झावळ्यांचा रविवार झाला. पवित्र सप्ताहातील सोमवारी, १५ एप्रिलला सकाळी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. २१ तारखेला ईस्टर होता.

ज्या पँडानसच्या झाडाखाली ते पहिल्या रात्री झोपले होते, तिथेच त्यांना पुरले. त्यांनी उभ्या केलेल्या मंडळींनीच त्यांना खांदा दिला.

त्यांच्या मृत्यूनंतर काही लोकांनी त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. त्याला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८९० साली सडेतोड उत्तर दिले. स्टीव्हन्सन स्वतः कॅथलिक नव्हते, पण त्यांनी ती वसाहत जाऊन पाहिली होती. मोलोकाईला नेलेल्या रोग्यांची संख्या शेवटी सुमारे ८००० झाली. गुणकारी औषधे १९४० च्या दशकात आली आणि सक्तीचा एकांतवास १९६९ साली संपला.

बेल्जियमच्या राजाच्या विनंतीवरून १९३६ साली डेमियन यांचा देह मायदेशी नेण्यात आला. त्यांना आता लुव्हेन येथे विसावा मिळाला आहे. मोलोकाईच्या रोग्यांना हे फार लागले. त्यांचा फादर त्यांच्यातून उचलून नेला होता. ४ जून १९९५ रोजी परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी ब्रसेल्स येथे त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी सोळावे बेनेडिक्ट यांनी संतपद दिले. १९९५ सालीच, धन्यवादित झाल्यानंतर, त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष मोलोकाईला परत पाठवण्यात आले. रंधा धरणारा, जखमा बांधणारा, ख्रिस्तशरीर देणारा तो हात तेथील जुन्या कबरीत, चर्चच्या शेजारी, पुन्हा ठेवला आहे. आजूबाजूला ज्यांच्या पेट्या त्याने केल्या, ती माणसे आहेत.