घराची शाळा आणि साने गुरुजी

खान्देशात नुसते ‘गुरुजी’ म्हटले तरी पुरते. आडनाव सांगावे लागत नाही. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म मात्र येथला नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी ते जन्मले. वडील सदाशिवराव खोत होते. खोतांचे घर म्हणून गावात मान होता, परंतु पूर्वीचे वैभव ओसरत गेले, कर्ज वाढत गेले आणि अखेर घरावर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. अशा घरात मुलांना शिकवायचे कसे, हा प्रश्न आई यशोदाबाईंपुढे रोजच उभा असे. हाती पैसा नव्हता. जे होते, त्यातूनच त्या माउलीने शाळा मांडली.

या शाळेचे वर्णन गुरुजींनी पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकात केले. कथेच्या सोयीसाठी त्यात काही जुळवाजुळव असली तरी गाभा त्यांच्या स्वतःच्या बालपणाचा आहे. पुस्तक वाचून डोळे पुसणारे पुष्कळ. परंतु त्यात शिकवण्याची जी रीत सांगितली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आईने मुलाला समोर बसवून धडा दिला, असे तेथे क्वचितच घडते. श्लोक-स्तोत्रे तोंडपाठ होत ती घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकून. पत्रावळ लावणे, आईच्या हाताखाली घरकाम करणे, हाही अभ्यासच होता. मुलाने दुसऱ्या कोणाला मिळू नयेत म्हणून फुलांच्या कळ्याच खुडून आणल्या, तेव्हा आईने झाडाची बाजू घेतली. न्हाऊन आलेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तिने पदर पसरला, आणि लगेच मनाच्या स्वच्छतेचा विषय काढला. प्रसंग घडताच, त्याच जागी शिकवायचे, ही तिची पद्धत. तिला पाटी लागत नाही, फी लागत नाही. लागते ते मोठ्या माणसाचे सतत जागे असलेले लक्ष. विकत मिळणाऱ्या कोणत्याही साधनापेक्षा ही गोष्ट दुर्मिळ आहे.

एक प्रसंग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीची मोळी खाली पडली होती आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे येईना. आईने मुलाला पाठवले व परत आल्यावर स्नान करण्यास सांगितले. स्नानाचा नियम तिला मोडता आला नाही. पण म्हातारीला तसेच टाकून जाणेही तिला मान्य झाले नाही. तिने जेथे पाऊल थांबवले, तेथून मुलगा पुढे गेला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि मंदिराचे दरवाजे उघडले.

तथापि घरच्या शिक्षणाला मर्यादा होती, हेही सांगितले पाहिजे. गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांना गरिबी पुरती ठाऊक नसते. इंग्रजी शाळेसाठी मुलाला दापोलीला ठेवावे लागले. पुढे कमी खर्चात शिकता येईल या आशेने तो औंध संस्थानात गेला, तेथून पुण्यास नूतन मराठी विद्यालयात. या वणवणीत २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली. शिक्षणापायी दूर असलेल्या मुलाला तिची अखेरची भेट मिळाली नाही. स्वतःची हौस व आरोग्य बाजूस ठेवून तिने मुलांना वाढवले होते. त्याचे फळ पाहणे तिच्या नशिबी नव्हते. ही हानी गुरुजींना आयुष्यभर सलत राहिली.

१९२२ मध्ये बी. ए. झाल्यावर ते श्रीमंत प्रतापशेठ यांनी उभारलेल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथीलच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. अमळनेर त्या वेळी पूर्व खान्देश जिल्ह्यात मोडत असे. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि पालगडची ती शाळा येथे पुन्हा भरली. मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, पसारा आवरत, कपडे धुऊन ठेवत. शिक्षा नाही, रागावणे नाही. परत आलेला मुलगा आपली नीटनेटकी खोली पाहून ओशाळत असे व दुसऱ्या दिवशी ती आपणच आवरत असे. पगारातला पैसा गरजू मुलांच्या गरजा भागवण्यात जाई. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक ते स्वहस्ते लिहून काढत. छपाईला पैसा नव्हता, म्हणून काही अडले नाही. ‘विद्यार्थी’ हे मासिक त्यानंतरचे.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा प्रवचने झाली, आणि ती ऐकता ऐकता लिहून घेतली गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या लेखणीमुळे आपल्या हाती आला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून पूर्ण केले. आईची शिकवण अशा रीतीने घराबाहेरच्या असंख्य मुलांपर्यंत पोहोचली.

गुरुजींनी संसार मांडला नाही. पण पुतणी सुधा हिला त्यांनी पत्रांतून शिकवले. फुले, पाखरे, प्रवासात दिसलेली माणसे, देशातल्या घडामोडी, जे जे दिसले ते त्यांनी तिला लिहून कळवले. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुस्तकरूपाने निघाली. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी जगाचा निरोप घेतला. पोस्टाच्या एका तिकिटाच्या खर्चात चाललेली ती शाळा त्या दिवशी थांबली.