खोटं, पण खऱ्यासारखं!

हॅलोविनसाठी पनवेलच्या सोसायटीत लुकलुकत्या दिव्यांचा खोटा कंट्रोल पॅनल बनवताय? मग कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) तुम्हाला माहीत हवेतच. आडनाव मेस्त्री, काम नाटकांचे पडदे रंगवण्याचं. सिनेमाचं वेड लागलं, तर या पठ्ठ्याने भाऊ आनंदरावांसोबत चक्क कॅमेराच बनवायला घेतला! १९१६ मध्ये आनंदराव गेले. जोडीदार गेला, पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. कॅमेरा पूर्ण केलाच. १९२० च्या ‘सैरंध्री’त भीम कीचकाला मारतो, तो सीन इतका खरा वाटला की सेन्सॉरने कापायला लावला. (याहून भारी पावती कुठली?) आणि दिवे? सिनेमे उन्हात शूट व्हायचे तेव्हा, १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे लावले.